दुसऱ्या चौकटीतली खूण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चाळ कमिटीचे सर्वांत जुने सभासद आदरणीय शामराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आदरणीय दीपिका परुळेकर मॅडम, अभ्यासिकेचे सगळे कार्यकर्ते, पुढे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली मुलं-मुली, मागे खुर्च्यांवर बसलेल्या माताभगिनी, आणि जागा नाही म्हणून दारात उभे राहिलेले माझे शेजारी, आपणा सर्वांना माझा सप्रेम जय भीम.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. मी सकाळी शामरावांकडे जाऊन म्हणालो, मला दोन शब्द बोलायचे आहेत. शामराव म्हणाले, "भिवा, तुझे दोन शब्द मला माहीत आहेत. बुद्धजयंतीला माइक काढून घ्यावा लागला होता." ते खरं आहे. पण आज त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. त्यांनी मला सात मिनिटं दिलेली आहेत. मला जास्त लागतील, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

मी कागदावर लिहून आणलं आहे. माझं शिक्षण रात्रशाळेत सहावीपर्यंत झालं, तेही अर्धवट. त्यामुळे शब्द इकडचा तिकडे जाईल. कागदाच्या दोन प्रती आणल्या आहेत, त्या वयामुळे. आमच्या घरातून सुंदराबाई मागे बसल्या आहेत, त्या म्हणतील वयामुळे नाही, हा माणूस लग्नाच्या दिवशीही हारांचे दोन जोड घेऊन आला होता. तेही खरं आहे. मला काळजी करायची सवय आहे. गॅस बंद आहे का हे बघायला मी करी रोडच्या पुलावरून परत आलेलो आहे.

मॅडमविषयी आधीच्या वक्त्यांनी चांगलं सांगितलं. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी त्या दादरहून आपल्या डिलाईल रोडला येत होत्या. स्वतःच्या नोकरीतली सुट्टी त्यांनी आपल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवण्यात घालवली. या अभ्यासिकेत चार कॉम्प्युटर आहेत, त्यातला तीन नंबरचा चालू करताना बाजूला एक हलकी चापट मारावी लागते. ती चापट कुठे मारायची हे मॅडमनीच शोधून काढलं. आता त्या निवृत्त होऊन कुडाळला बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी जे सांगणार आहे ते माहीत नाही. ते या खोलीत फक्त तिघांना माहीत आहे.

माझी नात प्राची. माझा मुलगा राकेश, त्याची मुलगी. ती इथेच शिकली. दोन वर्षांपूर्वी तिने घरी सांगितलं की मला गेम बनवायचे आहेत. मी म्हणालो, खेळ बनवून कोणाचं पोट भरतं? तेव्हा तिने मला मोबाइल दाखवला आणि विचारलं, "आबा, दुपारी तुम्ही जेवून झाल्यावर यावर फळं फोडता ना, ती कोणीतरी बसून बनवलीत. त्याला पगार मिळतो." ते मला पटलं. पण काळजी संपली नाही, तिने फक्त जागा बदलली. कारण प्राची पुढे म्हणाली की त्यासाठी आधी एक भाषा शिकावी लागते, कॉम्प्युटरची, आणि अशा भाषा पुष्कळ आहेत.

पुष्कळ आहेत म्हटल्यावर माझी झोप गेली. पुष्कळ असतील तर त्यातली एक चुकीची असणार. आणि आमच्या घराण्याचा इतिहास बघता आम्ही नेमकी तीच उचलणार.

मी एक वही घेतली आणि विचारत सुटलो. कोणालाही सोडलं नाही. झेरॉक्सवाला म्हणाला पायथन, सगळे तेच शिकतात. खारघरच्या भाच्याने सांगितलं सी शार्प. आपल्या बाजूच्या खोलीतला अभय, तो बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे, तो म्हणाला, "काका, सी प्लस प्लस. बाकी सगळं पोरखेळ. मोठे गेम त्यातच बनतात." लालबागला मसाला कुटायला गेलो होतो, तिथे रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका पोरालाही मी विचारलं. तो म्हणाला जावा. तेही लिहून घेतलं. बावीस माणसांची मतं गोळा झाली. मी बेरीज करून वही प्राचीपुढे ठेवली. तिने ती नीट वाचली, हसली नाही. मग म्हणाली, "आबा, यात गेम बनवणारा एक तरी माणूस आहे का?"

नव्हता.

मी एवढा का घाबरत होतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चौऱ्याहत्तर साली मी गिरणीत बदलीवर लागलो. नव्या मुलांना सांगतो, बदली म्हणजे कायमचा कामगार नाही. सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर उभं राहायचं, आज कोण गैरहजर आहे ते जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बघणार, आणि त्याच्या जागी बोलावणार. मला फक्त साचा खातं येत होतं, म्हणजे कापड विणायचं. साच्यावर माणसं पुरेशी असली की मी घरी. माझा सोबती गणपत, आज तो नाही, त्याला साचाही येत होता आणि सूत कातायचं त्रासन खातंही येत होतं. तो कधी गेटवरून परत गेला नाही. एका खात्यात जागा नसली तर दुसऱ्यात. मी मात्र महिन्यातले बारा बारा दिवस डबा तसाच भरलेला घेऊन घरी यायचो, आणि सुंदराबाई तो डबा रिकामा करायच्या. पन्नास वर्षं झाली, पण त्यांनी झाकण उघडल्याचा आवाज माझ्या कानात आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ज्याला दोन खाती येतात, तो गेटवरून परत जात नाही.

आता मागच्या वर्षीच्या मे महिन्याकडे येतो.

दादरच्या एका संस्थेत गेम बनवायचा एक वर्षाचा कोर्स आहे. जागा तीस. अर्ज छापील, त्यावर पालकाची सही, आणि तो ऑफिसात नेऊन द्यायचा. अर्जावर दोन चौकटी होत्या. एकीपुढे सी शार्प, दुसरीपुढे सी प्लस प्लस. एकीतच खूण करायची. प्राचीने विचार करून सी शार्पवर खूण केली होती. ती मला म्हणाली होती की मला मोबाइलवरचे लहान गेम बनवायचे आहेत, त्याला ही सोयीची आहे, आणि आपल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर हिचा सराव होतो, दुसरीचा सगळा पसारा त्याला झेपत नाही. म्हणजे पोरीने हिशेबाने निवडलं होतं. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी तिचा कॉलेजचा पेपर होता, राकेशला रजा नव्हती. मी म्हणालो, मी नेतो.

मी दादरला उतरलो, संस्थेच्या जिन्यात बसलो आणि अर्ज पुन्हा एकदा वाचला. पुन्हा वाचला नसता तर बरं झालं असतं. मला ती रिकामी चौकट दिसली. सी प्लस प्लसची. अभय म्हणालेला ती. आणि मला गेट दिसलं. मला वाटलं, इकडे जागा नसली तर तिकडे तरी घेतील. मी वॉचमनकडून पेन घेतलं आणि त्या दुसऱ्या चौकटीतही खूण केली.

होय. ती खूण मी केली.

 पाणी द्या कोणीतरी.

जूनमध्ये यादी लागली, प्राचीचं नाव नव्हतं. ती चौकशीला गेली तेव्हा त्यांनी अर्ज काढून दाखवला. दोन खुणा आहेत, म्हणून अर्ज बाद. प्राचीने घरी येऊन एवढंच सांगितलं. तिची खूण काळ्या पेनाची होती आणि दुसरी निळ्या पेनाची. अर्ज कोणी नेला होता हेही तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, चहा घेणार?" आणि चहा टाकायला उठली. ती ओरडली असती तर मी तिथेच सांगितलं असतं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल, कारण पुढच्यात तुम्ही सगळे होतात. बातमी चाळीत फिरली. आपल्याला वाटलं, आपल्या मुलीचं आडनाव बघितलं, पत्ता बघितला आणि ऑफिसातल्या कोणीतरी दुसरी खूण मारून अर्ज बाद केला. असं वाटण्यात तुमची चूक नव्हती. आपल्या लोकांच्या बाबतीत असं झालेलं आहे. म्हणून तर माझा गुन्हा जास्त मोठा आहे. खऱ्या अन्यायासाठी राखून ठेवलेला तुमचा राग मी माझी लाज झाकायला वापरला.

शामरावांनी रविवारी संध्याकाळी मीटिंग लावली, संस्थेवर मोर्चा न्यायचा ठरवायला. त्या दिवशी सकाळी मी मॅडमना गाठलं. मुलं यायची होती, मॅडम पंखा लावत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, मलाही बसायला सांगितलं. मला वाटलं आता बोलणी खाणार. त्यांनी विचारलं, "मर्चंडे काका, गणपतला दोन्ही खाती पहिल्या दिवसापासून येत होती का?"

मी म्हणालो, नाही. तीन वर्षं तो नुसता साच्यावर होता. हात बसल्यावर मग तिकडे गेला.

"आणि तिकडे शिकायला त्याला किती दिवस लागले?"

मी म्हणालो, महिनाभर. गिरणीचं काम अंगात मुरलं होतं ना.

"मग भाषेचंही तेच आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिली नीट यायला वर्ष जातं. दुसरी त्यामानाने लवकर येते. पण दोन्हींच्या दारात एकाच दिवशी उभं राहिलं तर एकही येत नाही."

बघा, बावीस माणसांना विचारून जे कळलं नाही ते माझ्याच आयुष्यातून त्यांनी काढून माझ्यासमोर ठेवलं. पन्नास वर्षं मला गणपतची दोन खाती दिसली. त्याची आधीची तीन वर्षं मला दिसलीच नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "हे मीटिंगमध्ये तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. ते तुमचं आहे." मी हो म्हणालो.

संध्याकाळची मीटिंग याच खोलीत झाली. मॅडम उठून म्हणाल्या, मोर्चा नेऊ नका. शामराव म्हणाले, का नेऊ नये? कारण सांगा. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.  शेवटी मॅडम म्हणाल्या, "कारण मला सांगता येणार नाही. पण नेऊ नका."

मग काय झालं? कोणीतरी मागून म्हणालं, "मॅडम दादरच्या. त्यांना त्या ऑफिसवाल्यांशी वाकडं घ्यायचं नाही." कोण म्हणालं ते मी सांगणार नाही, ते आत्ता खाली मान घालून बसलेले आहेत. काही जण हसले. मॅडमनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या. मग निषेधाचं पत्र लिहिलं गेलं आणि त्यावर सह्या झाल्या. तिसरी सही माझी आहे. मोर्चा शेवटी निघाला नाही, कारण प्राचीनेच उभं राहून सांगितलं की मला मोर्चा नको. पण पत्र गेलं. आणि त्यानंतर मॅडमच्या क्लासला मुलं कमी झाली. सोळाची नऊ झाली. मॅडम त्या नऊ जणांसाठी येत राहिल्या. एका शब्दाने त्यांना स्वतःला सोडवता आलं असतं. सात महिने त्यांनी तो शब्द काढला नाही.

त्या मीटिंगनंतर दोन दिवसांनी मॅडमच मला त्या संस्थेत घेऊन गेल्या. साहेबांच्या टेबलावर आपलं पत्र होतं. मी म्हणालो, साहेब, खूण माझी आहे. ते म्हणाले, तुमचं नाव? मी नाव सांगितलं. त्यांनी पत्रावरची तिसरी सही बघितली, मग मला बघितलं, मग चष्मा काढून पुसला. माणूस चांगला होता. म्हणाले, यादी बंद झाली आहे, जानेवारीच्या बॅचला पुन्हा अर्ज करा, सोबत स्वतः बनवलेला एक पूर्ण गेम जोडा, लहान चालेल पण पूर्ण हवा. आणि विचारलं, तुमच्या कमिटीला मी कळवू का? मी म्हणालो, नको साहेब, मी सांगतो.

ते मी आज सांगतो आहे. एवढा उशीर झाला.

नुसत्या रविवारी नाही, रोज सराव करता यावा म्हणून मॅडमनी प्राचीला अभ्यासिकेची आपली चावी दिली. तिला सांगितलं, "भाषा निवडलीस ना? आता ती बरोबर की चूक याचा विचार जानेवारीपर्यंत करायचा नाही. एक खेळ पूर्ण करायचा." मध्ये एकदा पोरीचा धीर सुटला होता. अभयने जिन्यात सांगितलं की अजूनही वेळ गेलेली नाही, भाषा बदल. ती रडवेली होऊन मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, तुझा खेळ कुठे अडलाय ते दाखव. तिने दाखवलं. अडलं होतं ते भाषेमुळे नव्हतंच, खेळातला माणूस भिंतीतून आरपार जात होता. दोघींनी मिळून भिंत दुरुस्त केली.

तो खेळ काय होता ते सांगतो. एक कामगार आणि दोन साचे. धागा तुटला की जाऊन गाठ मारायची, नाहीतर कापड बिघडतं. तिने मला न विचारता बनवायला घेतला होता. मी एक दिवस चहा घेऊन आलो आणि पडद्यावर बघितलं तर तिचा कामगार साचा चालू असतानाच गाठ मारत होता. मी म्हणालो, "अगं, हात जाईल त्याचा. आधी साचा थांबव." तिने खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "बसा आबा. नीट सांगा. थांबवायचा कसा?" त्या दिवसापासून मी रोज बसलो. आडवा धागा नेणारा धोटा किती वेगाने जातो ते मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचो, ती घड्याळ लावून मोजायची. खेळ पूर्ण झाला. मी तो खेळलो. तिसऱ्या मिनिटाला माझं कापड बिघडलं. पन्नास वर्षांपूर्वीही तिसऱ्या मिनिटालाच बिघडायचं, सुंदराबाई म्हणाल्या.

जानेवारीत पुन्हा अर्ज आला. तसाच छापील, त्याच दोन चौकटी. प्राचीने एकीत खूण केली, माझी सही घेतली. त्या दिवशी तिला पेपर नव्हता. कुठलंच काम नव्हतं. ती घरीच होती, केस धुऊन बसली होती. तरी तिने अर्ज पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "आबा, दादरला देऊन याल?"

मी खिशातलं पेन काढून टीव्हीवर ठेवलं आणि निघालो. जिन्यात बसलो नाही. अर्ज दिला, पावती घेतली, परत आलो.

यादी उद्या सोमवारी लागणार आहे. नाव येईल की नाही, मला ठाऊक नाही. आज सकाळपासून मी चार वेळा पावती बघितली आहे. पण एक ठरलेलं आहे, ते मॅडमना तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो. नाव आलं किंवा न आलं, परवा सकाळी सात वाजता ही अभ्यासिका उघडेल. मॅडमची ती चावी आजपासून माझ्याकडे आहे. मला कॉम्प्युटर येत नाही, पण तीन नंबरला चापट कुठे मारायची ते येतं. ज्यांनी आपली सात मुलं काढून घेतली त्यांनी ती परत पाठवावीत. दर रविवारी प्राची शिकवणार आहे. ती एकच भाषा शिकवेल. दुसरी कोणती शिकू असं कोणी विचारलं तर त्याला मी आधी गणपतची तीन वर्षं सांगेन.

शामराव, त्या पत्राची प्रत कमिटीच्या फाइलला आहे. त्यावर माझी सही आहे तिथे, खाली आजची तारीख घालून, खरं काय झालं ते मला लिहू द्यावं, एवढी विनंती आहे. आणि दुसऱ्या कुठल्या ऑफिसने आपल्या मुलांवर खरोखर अन्याय केला तर मला मोर्चात पुढे ठेवा. तेवढं देणं मी लागतो.

दीपिका मॅडम, अकरा वर्षांबद्दल सगळ्यांनी आभार मानले. मी तुमचे सात महिन्यांबद्दल आभार मानतो. तुमच्यावर जो डाग लागला तो माझ्या निळ्या पेनाचा होता. कुडाळला जाताना तो घेऊन जाऊ नका, इथेच माझ्याकडे ठेवून जा.

आता समारोप. अध्यक्षांनी सातची वीस मिनिटं होऊ दिली, कार्यकर्त्यांनी माइक काढून घेतला नाही, आणि तुम्ही सर्वांनी एका कमी शिकलेल्या माणसाचं शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांचा मी ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात, काही चुकलं असेल तर माफ करा. माझ्या बाबतीत 'असेल तर' म्हणायची सोय नाही. चुकलं आहे. सभेने माफ करायचं की नाही ते सभेने ठरवावं, मी बाहेर कठड्यापाशी उभा राहतो.

पण प्राची, तू तिथे तीन नंबरजवळ बसली आहेस, मला दिसतेस. सात महिने तू मला चहा दिलास आणि विचारलं नाहीस. म्हणून मीच सांगतो. ती दुसरी खूण तुझ्या आबाने केली होती, पोरी. मला माफ कर.

जय भीम.